लिंबूटिंबूचा हक्क

आमच्या वाड्यात लपंडाव सुरू झाला की कुणीतरी ओरडायचं, "बाळ्या लिंबूटिंबू!" म्हणजे सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही. लहानपणी मेंदूज्वर झालेला माझा धाकटा भाऊ रोज एकाच जागी लपायचा, पाण्याच्या रांजणामागे. ज्याच्यावर राज्य, तो मुद्दाम रांजण सोडून सगळं अंगण धुंडाळायचा. बाळ्याचं हसू बाहेरपर्यंत ऐकू यायचं. ही रीत आम्हाला कुणी शिकवली नव्हती. थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे आपसूक आली होती.

शाळेत मात्र त्याला जागा नव्हती. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी संस्था सुरू केली. फार मोठं काम. पण शाळा वेगळी म्हटली की शेजारचे सवंगडी तिथे नसणारच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांवर अशा मुलांना प्रवेश देणं आणि इतरांच्या बरोबरीने खेळायची संधी देणं बंधनकारक केलं.

वाडे पडले, अंगणं गेली. तुमच्या सोसायटीत असं मूल असेल तर त्याला खेळायला बोलवा. सोबत एक जोडीदार द्या, खेळ ओळखीचा ठेवा. आणि पुढच्या रविवारीही बोलवा.