दोन गाठी, एक मूळ?

एकाच देहात दोन ठिकाणी कर्करोगाच्या गाठी सापडल्या, तर दुसरी गाठ पहिलीच्याच पेशी वाहत जाऊन रुजली, की तिथेच नव्याने उपजली? कर्करोगाच्या इतिहासातला हा प्रश्न मला नव्या औषधांच्या कथांहून अधिक खुणावतो. उत्तरावर रुग्णाचे पुढचे सारे अवलंबून असते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अंडाशयात पसरला असे मानले, तर जुन्या वर्गवारीत तो तिसऱ्या टप्प्याचा. दोन्ही ठिकाणचे रोग स्वतंत्र मानले, तर दोन्ही पहिल्या टप्प्याचे.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी कडक अटी घातल्या होत्या. दोन्ही गाठींची पेशीरचना वेगळी हवी, शिवाय प्रत्येकीचा स्वतंत्र प्रसारही दिसायला हवा. इतक्या अटींत बसणारा रुग्ण सापडणार कुठे? १९३२ मध्ये बोस्टनच्या शील्ड्स वॉरन आणि ऑलिव्ह गेट्स यांनी त्या सैल केल्या. दोन्ही गाठी घातक असाव्यात, एकमेकींपासून अलग असाव्यात, आणि एक दुसरीचा प्रसार असण्याची शक्यता उरू नये. ही तिसरी अट म्हणजे मूळ प्रश्नच की! ती पडताळायला सूक्ष्मदर्शक आणि अनुभवी नजर एवढेच हाती होते. फुप्फुसाच्या गाठींसाठी १९७५ मध्ये मार्टिनी आणि मेलामेड यांनी जे निकष दिले, त्यांत दोन वर्षांच्या रोगमुक्त काळाचाही समावेश होता. निदानाला चक्क कॅलेंडरचा आधार.

१९७६ मध्ये पीटर नॉवेल यांनी मांडले, की गाठ एका पेशीपासून वाढते आणि तिच्या वंशात जनुकीय बदल साठत जातात. म्हणजे प्रत्येक गाठीजवळ तिची वंशावळ असते. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत दोन घराण्यांचे चार-पाच पूर्वज तेच निघाले, तर कूळ एकच. एखादेच नाव जुळले तर मात्र काही सिद्ध होत नाही. 'केआरएएस' जनुकातले काही बदल इतके सर्रास आढळतात, की ते दोन अनोळखी गाठींतही योगायोगाने जुळू शकतात. म्हणून अनेक जनुके एकदम वाचण्याचे तंत्र येईपर्यंत हा पुरावा लंगडाच होता.

२०१६ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतील दोन गटांनी गर्भाशय व अंडाशयातल्या अशा जोडगाठी तपासल्या. पिढ्यानपिढ्या ज्या स्वतंत्र समजल्या गेल्या, त्यांतल्या बहुसंख्य एकाच कुळातल्या निघाल्या. गंमत अशी, की या स्त्रिया तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांसारख्या खालावत नव्हत्या. त्यांचे बरे चालले होते. पेशी अंडाशयापर्यंत पोहोचल्या होत्या खऱ्या, पण त्यापुढे सहसा जात नव्हत्या. जनुकांनी नाते अचूक सांगितले, पण त्या नात्यावरून टप्पा ठरवला असता तर या स्त्रियांच्या वाट्याला गरजेपेक्षा जहाल उपचार आले असते. जुन्या डॉक्टरांचे कारण चुकले असले तरी त्यांचा अंदाज बरोबर होता, असे मला वाटते.

२०२३ मध्ये 'फिगो' या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने वर्गवारी बदलली. गर्भाशय आणि एकाच अंडाशयापुरत्या मर्यादित, सौम्य प्रतीच्या अशा कर्करोगाला, आणखी काही अटींसह, पहिल्याच टप्प्यात 'आयए३' हा वेगळा पोटवर्ग मिळाला.