पताका कोणी शिवली?

ज्येष्ठ संपून आषाढ लागण्याच्या सुमारास तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीवरून इंदापुरास जाते आणि सराटीला नीरास्नान करून जिल्हा ओलांडते. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला, हे आपल्या भगिनींना ठाऊक आहेच. मुक्काम, रिंगणे, मानकरी, दिंड्यांचे क्रमांक या सर्वांची नोंद असते. परंतु दिंडीच्या अग्रभागी जी भगवी पताका चालते, ती कोणी शिवली हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. आज मला त्याच हातांविषयी दोन शब्द लिहावयाचे आहेत.

पताका दिसते साधी. तिचे काम तितके साधे नाही. मांजरपाटासारखे कोरे सुती कापड प्रथम उकळून त्यातील खळ काढावी लागते. नाही तर रंग सारखा बसत नाही आणि पहिल्याच पावसात कापड आटते. नंतर गेरूचे पाणी. गेरू म्हणजे लोहयुक्त माती. तो उन्हाने विटत नाही, पण धाग्यात मुरतही नाही, नुसता वर बसून राहतो. म्हणून आषाढसरींत त्याचे ओघळ वारकऱ्याच्या सदऱ्यावर उतरतात.

बेतताना काठीकडची बाजू कापडाच्या उभ्या धाग्यावर घ्यावी. तिरप्या कडा ओढल्या की लांबतात व पताका वेडीवाकडी लोंबते. त्यांची दुमड अरुंद ठेवून दोरा न ताणता तुरपाई करावी. वारा प्रथम टोक फाडतो, म्हणून तेथे आतून ठिगळ द्यावे. काठी घालावयाचा नेफा दुहेरी टिपेचा हवा, कारण सगळा भार त्याच्यावर असतो. हे ज्ञान पुस्तकातले नव्हे. सासूने सुनेला, जावेने जावेला दिलेले आहे.

पुढे काळ बदलला. १८५६ साली इंग्लंडमध्ये पर्किन नावाच्या तरुणाने पहिला कृत्रिम रंग काढला. तसले रंग आणि गिरणीचे कापड आपल्या बाजारात आले, शिवणयंत्र आले, आणि आता तर नायलॉनच्या तयार पताका दुकानात टांगलेल्या असतात. त्या स्वस्त आहेत, पावसात रंग सोडत नाहीत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र घरात शिवणे थांबले की ते कसब एका पिढीत नाहीसे होते.

याच वाटेवर काटेवाडीला परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो. तो त्यांचा मान आहे, आणि तो सारा गाव जाणतो. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचविलेल्या मुलींना विणणे, शिवणे, छापखान्याचे काम शिकविले. संस्थेने ते लिहून ठेवले, म्हणून शतकाहून अधिक काळानंतरही त्या मुलींच्या हातचे काम आपणास ठाऊक आहे. तात्पर्य, ज्या कामाला मान मिळाला किंवा ज्याची नोंद झाली, ते टिकले. पताका मात्र दरवर्षी उन्हापावसात झिजते, जीर्ण होते, विसर्जित होते. आणि तिच्याबरोबर तिची शिवणारीणही. दिंडीत पताका पुढे असते, आणि डोईवर तुळस घेतलेल्या बायका मागे.

कोणी म्हणेल, देवाच्या कामात नाव कशाला? हा प्रश्न मोठा आहे, आणि सेवेचा भाव मलाही मान्य आहे. पण देवळाच्या पायरीवर, फरशीवर, घंटेवर देणगीदाराचे नाव आपण वाचतोच ना? रुपये देणाऱ्याचे नाव दगडात आणि रात्र जागून टाके घालणारीचे कोठेच नाही, हा हिशेब मला पटत नाही.

म्हणून मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवते. यापुढे आपल्यापैकी कोणी देवळाची पताका, भजनी मंडळाचा फलक किंवा चर्चच्या वेदीवरचे वस्त्र शिवील, तेव्हा कापड, रंग, माप आणि शिवणारीचे नाव मंडळाच्या नोंदवहीत लिहावे. आणि पताकेवरच नाव हवे असेल, तर नेफ्याच्या आतल्या बाजूस चार बारीक टाक्यांनी काढावे. तेथे ते कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. काठीला तेवढे लागून राहील.