अस्मोदियस: तोबितच्या ग्रंथातून खेळाच्या पटावर

टेबलाभोवती बसून एकाने कथा सांगावयाची आणि इतरांनी त्या कथेतील वीर, मांत्रिक वा चोर यांच्या भूमिका वठवावयाच्या, असा एक खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. वीर आले की खलनायकही हवेतच. १९७७ साली निघालेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसकोशात नऊ नरकांचा अधिपती म्हणून जो अवतरला, त्याचे नाव आपल्याला परके नाही: अस्मोदियस.

आपल्याला म्हणजे कॅथलिकांना. तोबितचा ग्रंथ आपल्या बायबलात आहे. प्रॉटेस्टंट बांधव तो प्रमाण मानीत नाहीत, तर ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ साली त्याचे स्थान निश्चित केले. या ग्रंथात सारा नावाच्या कन्येचे सात पती ह्या दुष्टात्म्याने विवाहाच्या रात्रीच ठार केले. त्यावर घरची दासी साराच्याच माथी दोष मारते आणि ती बिचारी देवाकडे मरण मागते. पुढे तोबियास महादूत राफाएलाच्या सांगण्यावरून माशाचे हृदय व यकृत निखाऱ्यांवर ठेवतो. त्या वासासरशी अस्मोदियस इजिप्तकडे पळतो आणि राफाएल त्याला तेथे जखडून टाकतो. अनेक विद्वान ह्या नावाचे मूळ अवेस्तातील ‘अएश्म’ या क्रोधदैत्यात पाहतात. म्हणजे मुळात हा आपल्या पारशी शेजाऱ्यांच्या धर्मग्रंथातला!

खेळात मात्र त्याचा स्वभावच पालटला. तोबितातला अस्मोदियस निव्वळ मारेकरी. खेळातला थंड डोक्याचा राजा. तेथे दुष्टांच्या दोन जाती आहेत: बेबंद ‘डीमन’ आणि शिस्तबद्ध ‘डेव्हिल’. अस्मोदियस दुसऱ्या जातीचा. करार करावा, त्यातील अक्षर न् अक्षर पाळावे आणि त्याच अक्षरात माणसाचा आत्मा अडकवावा, ही तेथील रीत. नियम पाळूनही माणूस पुरता दुष्ट असू शकतो, हे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला वेगळे सांगावे लागत नाही. खेळाडूंना हा खलनायक इतका का आवडावा, याचे उत्तर मला येथे दिसते.

१९८०च्या दशकात अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती पालकांना ह्या नावांची धास्ती वाटली. १९८२ साली आत्महत्या केलेल्या एका मुलाच्या आईने पुढील वर्षी खेळाविरुद्ध संघटना उभारली. त्या मातेच्या शोकाची कोणी थट्टा करू नये. परंतु खेळावरचा आरोप पुराव्याने सिद्ध झाला नाही. घरावर मृत्यू कोसळला की दोषी शोधण्याची घाई होते. साराच्या दासीचेही तेच झाले होते. प्रकाशक मात्र घाबरले. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी डीमन-डेव्हिल हे शब्दच गाळले आणि १९९१ साली तीच मंडळी ‘तानारी’ व ‘बाटेझू’ ह्या बनावट नावांनी परत आणली. दुष्ट तेच, पाटी नवी! २००० साली तिसरी आवृत्ती आली, तेव्हा जुने शब्द पुन्हा उघडपणे छापले गेले, आणि अस्मोदियस नवव्या नरकातील आपल्या सिंहासनावर होता तसाच बसलेला होता.