चोखोबा भिंतीखाली मेले, हे कीर्तनात कोण सांगणार?

दरवर्षी आषाढी जवळ आली की चोखोबांवरून आपल्या तरुणांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, चोखोबा आपल्या रक्ताचे, पहिले विद्रोही कवी, त्यांना वारकऱ्यांच्या हवाली का करायचे? दुसरा म्हणतो, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्यावर विठ्ठलाच्या भक्ताशी आपला संबंध काय? दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि आषाढी सरली की विषयही सरतो. यात एक गोष्ट राहून जाते. चोखोबांचे आयुष्य नेमके कसे गेले आणि त्यांचा मृत्यू नेमका कशाने झाला, हे कुणी सांगत नाही. आम्हाला आज तेच सांगायचे आहे, कारण आमच्या मते या भांडणाचे उत्तर त्या मृत्यूत आहे.

चोखामेळा हे तेराव्या-चौदाव्या शतकातले. जन्म विदर्भातल्या मेहुणा गावी झाला अशी एक परंपरा आहे. आयुष्य मात्र मंगळवेढ्यात गेले. जात महार. नामदेवांना ते गुरू मानत. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, हे सगळेच अभंग रचणारे. गावकुसाबाहेरच्या एका घरात पाच कवी! ज्यांना अक्षराला हात लावायची बंदी होती, त्यांच्या घरातले हे काव्य आहे. आज चोखोबांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. ते त्यांनी स्वतः लिहिले नाहीत. ते गायले, लोकांनी ते पाठ केले, इतरांनी ते उतरवून घेतले. अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने ते लिहून घेतले असे परंपरा सांगते. म्हणजे चोखोबांचा आवाज आपल्यापर्यंत दुसऱ्याच्या लेखणीतून आला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

चोखोबांचे रोजचे काम काय होते? महाराचे जे काम गावाने ठरवून दिले होते तेच. मेलेली जनावरे ओढणे, सांगावे पोचवणे, वेस राखणे, गावाच्या मालकीची पडेल ती मजुरी करणे. बदल्यात शिळेपाके आणि बलुते. पंढरपूरला गेले तरी देवळात प्रवेश नव्हता. नदीपलीकडे दीपमाळ बांधून त्यांनी तिथून देवाकडे पाहिले असे सांगतात. महाद्वारात आले की बडव्यांचा मार. ही मारहाण आम्ही कल्पनेने लिहीत नाही, त्यांच्या अभंगातच ती तक्रार आहे. आपला काय अपराध, म्हणून मारतात, असे ते देवालाच विचारतात.

आता मृत्यू. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम निघाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे महारांना वेठीला धरले गेले. काम चालू असताना कूस कोसळले आणि मजुरांसोबत चोखोबाही त्याखाली गाडले गेले. शके १२६० म्हणजे इसवी सन १३३८ हे या घटनेचे वर्ष मानतात. पुढे नामदेव तिथे आले, ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी उचलली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी आख्यायिका आहे.

कीर्तनकार ही आख्यायिका रंगवून सांगतात. हाडे नाम घेतात इथे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. पण त्याच कीर्तनात एक साधा प्रश्न कधी येत नाही. अवघ्या वारकरी जगात मान मिळालेला हा कवी भिंत बांधायला का गेला होता? त्याला कुणी नेले? त्याच्या मजुरीचे काय? आणि त्याच्यासोबत जे मेले त्यांची हाडे कुठे गेली? त्यांच्या हाडांतून नाम निघाले नाही म्हणून ती ढिगाऱ्यातच राहिली काय? त्यांची नावे कुठल्याही पोथीत नाहीत.

ज्याला आपण समाधी म्हणतो तो वेठबिगारीतला मृत्यू आहे. जी भिंत महारांना गावाबाहेर ठेवण्यासाठी उभी होती, तिची डागडुजी महारांकडूनच करून घेतली गेली आणि ती महारांच्याच अंगावर पडली. जातिव्यवस्था म्हणजे काय, हे समजावून सांगायला यापेक्षा वेगळे उदाहरण शोधायची गरज नाही.

समाधीचेही तसेच. महाद्वारासमोर समाधी मिळाली हा चोखोबांचा केवढा सन्मान, असे आपल्याला ऐकवले जाते. प्रत्यक्षात पुढे शतकानुशतके तीच अस्पृश्यांची हद्द झाली. अस्पृश्य वारकऱ्याने पायी पंढरपूर गाठायचे, चोखोबांच्या समाधीपर्यंत यायचे आणि तिथून माघारी फिरायचे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले तेव्हा कुठे ते दार उघडले. १३३८ ते १९४७, म्हणजे ६०९ वर्षे! एवढी वर्षे चोखोबांचे अभंग देवळात गायले जात होते आणि चोखोबांची माणसे पायरीखाली उभी होती. अभंग चालतो, माणूस चालत नाही. याला समता म्हणायचे असेल तर विषमता कशाला म्हणायचे?

म्हणूनच जे आज चोखोबांचा फोटो लावून समरसतेचे कार्यक्रम करतात त्यांना आमचे सांगणे आहे की, चोखोबा हा तुमच्या समरसतेचा पुरावा नाही, ती खोटी असल्याचा पुरावा आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. 'जातिभेदाचे निर्मूलन' या त्यांच्या ग्रंथावर गांधींनी टीका करताना संतांचे दाखले दिले. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा सारांश असा. संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला केला नाही. देवाच्या दृष्टीने सगळे समान आहेत असे ते म्हणाले, माणसामाणसांत समता पाहिजे असे नव्हे. आणि दुसरे याहून महत्त्वाचे. लोकांना शिकवले गेले की संताने जात मोडली तर चालते, सामान्याने मोडता कामा नये. त्यामुळे संत हा अनुकरणाचा विषय न होता पूजेचा विषय झाला. चोखोबांच्या बाबतीत हे अक्षरशः घडले. एका चोखोबाला संत म्हणून बाजूला काढले आणि बाकीच्या महारवाड्याला जिथल्या तिथे ठेवले.

पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा ग्रंथ कुणाला अर्पण केला? नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना. अस्पृश्यांत जन्मून आपल्या गुणांनी सर्वांचा आदर मिळवलेले संत म्हणून. जे तरुण म्हणतात की चोखोबांचे नावच घेऊ नका, त्यांनी ही अर्पणपत्रिका जरूर पाहावी. १९२० च्या 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबा होते, १९२७ च्या 'बहिष्कृत भारत'च्या शिरोभागी ज्ञानेश्वरी होती. बाबासाहेब संतसाहित्यावर वाढले, वडील रामजी बाबा कबीरपंथी होते. त्यांनी संतांना नाकारले ते न वाचता नव्हे, पूर्ण वाचून, त्यांची ताकद आणि मर्यादा दोन्ही पारखून. आपण मात्र न वाचताच डोक्यावर घेतो नाहीतर न वाचताच फेकून देतो.

आता अवघड मुद्दा. चोखोबांच्या नावावरच्या काही अभंगांत असे येते की मागल्या जन्मी देवाची निंदा घडली म्हणून हा महाराचा जन्म आला. आपल्यातले काहीजण लगेच म्हणतात, हे अभंग ब्राह्मणांनी घुसडले. घुसडले असतील. लेखणी दुसऱ्याच्या हाती होती हे आम्ही वर सांगितलेच. पण आवडला तो अभंग चोखोबांचा आणि नावडला तो ब्राह्मणांचा, ही संशोधनाची रीत नव्हे. ज्या माणसाला जन्मापासून सांगितले गेले की तुझे हाल हे तुझ्याच पापाचे फळ, तो एखाद्या रात्री ते खरे मानेल यात आश्चर्य नाही. कर्मसिद्धांताचे खरे बळ यातच आहे की तो गुलामाच्याच तोंडून गुलामीचे समर्थन करवून घेतो. चोखोबांसारखा बुद्धिमान कवीही त्यातून पूर्ण सुटला नाही, हे मान्य करण्यात चोखोबांचा अपमान नाही. तो त्या सिद्धांतावरचा आरोप आहे. म्हणून तर बाबासाहेबांना धर्माचे घरच बदलावे लागले.

आणि हाच कवी दुसऱ्या अभंगात वाकड्या उसाचा आणि गोड रसाचा दाखला देऊन वरच्या रूपाला भुलणाऱ्यांना फटकारतो. सोयराबाई तर थेट विचारते की विटाळ देहातच आहे, विटाळाशिवाय कुणाचा जन्म झाला? मग सोवळा कोण आणि ओवळा कोण? सातशे वर्षांपूर्वी एक महार बाई, आपल्या रचनेत आपली जात न लपवता, हा प्रश्न विचारते. शाळेच्या पुस्तकात तिचे नाव किती मुलींनी वाचले असेल?

पुढची पिढी आणखी पुढे गेली. कर्ममेळा बापासारखा विनवण्या करत बसत नाही. तो देवालाच जाब विचारतो. आम्हाला हीन जातीत घातलेस, उष्टे खायला लावलेस, याची तुला लाज कशी नाही, असा त्याचा सूर आहे. बाप पायरीशी उभा राहून रडला, मुलगा त्याच पायरीशी उभा राहून चिडला. पण पायरी सोडून जायचा रस्ता त्यालाही दिसला नाही. तो रस्ता १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीर झाला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात खुला झाला.

भिंतीचे उत्तरही बाबासाहेबांनीच दिले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. महार वतनदार रात्रंदिवस सरकारचा आणि गावाचा बांधलेला नोकर, तो हजर नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाला धरून नेणार, आणि मोबदला नावापुरता, हे त्यांनी सभागृहात मांडले. ते विधेयक त्यावेळी पार पडले नाही. वतने खालसा करणारा कायदा १९५८ साली झाला, तोवर बाबासाहेब हयात नव्हते. चोखोबांना ज्या व्यवस्थेने भिंतीखाली नेले, ती कायद्याने संपायला एवढा काळ लागला. एकाही कीर्तनाने ती संपली नव्हती.

आणि खरेच संपली का? हाताने मैला साफ करायला लावणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही गटारात गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या येतच राहतात. ते कुठल्या समाजाचे असतात हे आपल्याला सांगावे लागत नाही. त्यांच्या हाडांतून नाम ऐकायला कुणी येत नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे म्हणणे एवढेच. चोखोबांची पूजा करायला आपल्याला पंढरपूरला जायचे नाही. आपण बुद्धाचा मार्ग घेतला आहे आणि तो सोडायचा नाही. पण चोखोबांना वाचायचे आहे. आपल्या विहारांत, अभ्यासवर्गांत चोखोबा, सोयराबाई, कर्ममेळा यांचे अभंग आणि १९२८ च्या विधेयकावरचे बाबासाहेबांचे भाषण शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात जखम आहे, दुसऱ्यात औषध आहे. जखम न पाहता औषधाची किंमत कळत नाही.

आणि पुढच्या आषाढीला कुणी चोखोबांच्या हाडांची गोष्ट सांगायला लागले, की शांतपणे उभे राहून विचारा: भिंत कुणाची होती?

जयभीम!