पहिलेपणाचा वाद आणि एक तबकडी

‘अ‍ॅसिड हाऊस’चा जन्म मुंबईत झाला, असे विधान २०१०पासून अधूनमधून वाचावयास मिळते. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी केली होती. ती २०१०मध्ये पुनःप्रकाशित झाली आणि शिकागोच्या फ्यूचर या त्रयीच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’हून (१९८७) ती पाच वर्षांनी जुनी असल्याचे रसिकांच्या ध्यानी आले. दोहोंत रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे एकच यंत्र वाजते. मुंबईचे नाव निघाल्यावर आम्हांसही अभिमान वाटला. परंतु ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही पहिली मराठी कादंबरी म्हणावी की नाही, यावर वर्षानुवर्षे तास घेतल्यामुळे ‘पहिले’ या शब्दाची आम्हांस थोडी धास्तीच वाटते.

टीबी-३०३ हे एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून केलेले यंत्र. ते काम त्याला साधले नाही. आवाज बेस गिटारसारखा नव्हता आणि त्यात सुरावट भरणे किचकट होते. १९८४च्या सुमारास उत्पादन थांबले, तोवर सुमारे १०,००० नग निघाले होते. पुढे ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले आणि डीजे पिअर, स्पँकी व हर्ब जे या तरुणांच्या हाती आले. यंत्र वाजत असतानाच पिअर त्याचे नॉब फिरवू लागला. अकरा मिनिटांहून लांब असलेल्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये खर्जातला एकच तुकडा फिरत राहतो. त्याचे सूर तेच राहतात, बदलतो तो नादाचा पोत: कधी दबलेला, कधी किंचाळणारा, कधी ओलसर चिवचिवाट करणारा. चीज नाही, राग नाही, चाल म्हणावी असेही काही नाही. पहिल्यांदा ऐकताना आम्हांस तबकडी अडकल्याचा भास झाला, हे कबूल केले पाहिजे.

सिंगांचे काम निराळे. त्यांनी भैरव, ललत, मालकंस असे दहा राग घेतले. सुरावट ज्युपिटर-८ वर, ठेका टीआर-८०८ वर, आणि ३०३ खाली साथीला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची त्या यंत्रातील सोय मींडेच्या जवळ जाणारी. तिचा उपयोग जाणत्या कानाने केला आहे. म्हणजे त्यांनी यंत्राला रागाच्या शिस्तीत बसवले, तर शिकागोच्या पोरांनी त्याला मोकाट सोडले. शिकागोत कोणी सिंगांची तबकडी ऐकली होती, असा पुरावा नाही.

फ्यूचरने आपली टेप ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबातील रॉन हार्डी यांना दिली. पिअरने सांगितल्याप्रमाणे हार्डींनी ती एका रात्रीत चार वेळा वाजवली. पहिल्या खेपेस नाचणारे निघून गेले. चौथ्या खेपेस तेच बेभान झाले. रचनेला नाव नाचणाऱ्यांनीच दिले: ‘रॉन हार्डीचा अ‍ॅसिड ट्रॅक’. कॅसेटच्या नकला हातोहात फिरल्या. मग मार्शल जेफर्सन यांच्या सल्ल्याने वेग थोडा उतरवून ट्रॅक्स रेकॉर्ड्सने ती बारा इंची तबकडीवर काढली. ही कंपनी जुन्या तबकड्या वितळवून नव्या काढी, त्यामुळे खरखर ठरलेलीच. कलावंतांच्या पैशांविषयीच्या तक्रारी तर पुढे न्यायालयापर्यंत गेल्या. तरीही ती खरखरती तबकडी समुद्रापार पोचली, आणि १९८८च्या उन्हाळ्यात इंग्लंडातील तरुणाई त्या आवाजावर रात्ररात्र नाचली.

सिंगांच्या तबकडीला असा चौथा फेरा १९८२च्या मुंबईत मिळाला नाही. तिच्यामागे कोणी तसेच वाजवू लागले नाही, तिच्यावरून कशाचे नाव पडले नाही. यात दोष त्यांचा नव्हे, तबकडीचाही नव्हे. ‘अ‍ॅसिड हाऊस’चे जनकत्व आम्ही म्हणूनच शिकागोकडे ठेवतो. ‘टेन रागाज’ ऐकायची ती तिच्या ललतासाठी ऐकावी. सत्तरीच्या उंबरठ्यावर सिंगांना युरोपातून बोलावणी आली आणि त्यांनी हे राग तिथल्या श्रोत्यांपुढे वाजवले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.