अलिबागच्या नोंदी

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मग कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुया भरकटणार, हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला लोखंड न वापरता नवी चुंबकीय वेधशाळा झाली. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद आजही चालू आहे.

विश्वातलं बहुतेक द्रव्य डोळ्यांना न दिसणारं, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते एका विशिष्ट प्रकारचं असेल, तर जगभरचं चुंबकत्व एकाच ठेक्यात किंचित हलेल. जगातल्या शेकडो केंद्रांच्या जुन्या नोंदींत शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये तो ठेका शोधला. ठोस काही मिळालं नाही. पण ते कुठं नाही, एवढं कळलं.

आम्हा निपाणीच्या बायकांना रोजचा हिशेब लिहायची सवय. आजची ओळ उद्या कुणाच्या कामी येईल, कोण सांगावं!