संध्याकाळी सातला कोण कुठे उभं होतं

लहानपणी दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या वाड्यात पहिलं भांडण व्हायचं ते किल्ल्यावरून. माती कुणी आणायची, दगड कुणी उचलायचे, हळीव कधी पेरले म्हणजे वसुबारसेपर्यंत हिरवं दिसेल, वगैरे. पण खरी जुंपायची ती शेवटी, मावळे मांडताना. मावळ्यांची पिशवी दादाकडे. माझ्या वाट्याला हात तुटलेला एक भालेवाला यायचा आणि तोही "मागच्या बाजूला ठेव, दिसायला नको" या अटीवर. (दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे.) महाराज सिंहासनावर बसलेले आणि सिंहासन महादरवाजापेक्षा उंच. त्याचं कुणालाच काही वाटत नसे.

एका वर्षी आजोबा काठी टेकत किल्ला बघायला आले. बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "छान आहे. पण एवढा पहारा कुणावर?"

आम्ही गप्प. कुंभारवाड्यातून मावळे यायचे, वाघ यायचा, डोक्यावर हंडा घेतलेली गवळण यायची. शत्रू आम्ही कधी आणलाच नव्हता. तो विकायलाही नसे.

ही गोष्ट मी पार विसरून गेलो होतो. २०१९ साली बहिणीकडे लंडनला गेलो तेव्हा भाच्याला घेऊन चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये गेलो आणि तिथे वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती पाहिली. प्रतिकृती म्हटल्यावर टेबलावर मावेल असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. ही सुमारे चारशे चौरस फुटांची आहे. पुण्यात एवढ्या जागेत वन-रूम-किचन बसतं! त्यावर शेतं, रस्ते, वाड्या, झाडं आणि जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचे, कथील-शिशाचे सत्तर हजारांहून जास्त सैनिक.

हे सगळं केलं विल्यम सायबोर्न नावाच्या एका लेफ्टनंटने. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः वॉटर्लूला लढलेला नव्हता. जन्म १७९७ चा; फ्रान्समधल्या इंग्रज फौजेत तो पोचला १८१५ सालीच, पण लढाई उरकल्यावर. १८३० मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल यांनी त्याला रणभूमीची प्रतिकृती करायला सांगितलं. तो बेल्जियमला गेला आणि ला हे सँत नावाच्या शेतवाडीतच आठ महिने मुक्काम ठोकून राहिला. ही तीच वाडी, जिच्यासाठी १८ जून १८१५ ला दिवसभर मारामारी झाली होती. तिथे राहून त्याने चढ, उतार, बांध, खोलगट रस्ते सगळं मोजून काढलं. त्यातही एक अडचण होतीच. १८२६ पर्यंत तिथे सिंहाच्या पुतळ्यासाठी चाळीस मीटर उंचीची टेकडी उभी राहिली होती आणि तिची माती आणली होती त्याच रणभूमीवरून! म्हणजे जिथे वेलिंग्टनची फौज उभी होती, त्यातली काही जमीन सायबोर्न पोचण्याआधीच खरवडली गेली होती.

प्रमाण त्याने घेतलं मैलाला नऊ फूट. मी घरी येऊन हिशोब केला. या प्रमाणात माणूस तीन मिलिमीटरचा व्हायला हवा. तो दिसणार कुणाला? म्हणून सैनिक जमिनीच्या मानाने तिपटीहून मोठे. आमचं सिंहासन आणि महादरवाजा आठवून मला जरा बरं वाटलं.

जमीन मोजता येते. माणसांचं काय?

पुस्तकात 'त्यानंतर डाव्या बगलेवर मदत येऊन पोचली' असं लिहून पुढे जाता येतं. 'त्यानंतर' म्हणजे किती वाजता आणि 'डाव्या बगलेवर' म्हणजे नक्की कुठे, हे कुणी विचारत नाही. प्रतिकृतीत ही सोय नाही. एक क्षण निवडायचा आणि त्या क्षणी प्रत्येकाला कुठेतरी उभं करायचं. सायबोर्नने निवडला संध्याकाळी सातच्या सुमाराचा क्षण, नेपोलियनच्या इम्पिरियल गार्डने शेवटचा हल्ला चढवला तेव्हाचा. मग १८३४ मध्ये त्याने हयात अधिकाऱ्यांना एक छापील पत्र पाठवलं. सातच्या सुमाराला तुमची तुकडी कशा रचनेत उभी होती? समोर शत्रू कसा होता? सोबतच्या नकाशावर खूण करा. आणि हो, शेतात पीक कुठलं होतं?

एकोणीस वर्षांनी पीक विचारतोय हा! आणि लोकांनी उत्तरं दिली. सुमारे सातशे पत्रं आली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यातली निवडक त्याच्या मुलाने १८९१ मध्ये पुस्तकरूपाने काढली.

सातशे साक्षीदार म्हणजे सातशे लढाया, हे आलंच. धूर एवढा की शेजारची पलटण दिसत नव्हती. घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती. इम्पिरियल गार्डला नक्की कुणी मोडलं यावरून फर्स्ट गार्ड्स आणि बावन्नावी पलटण यांच्यात जो वाद होता, तो अजून पुरता मिटलेला नाही. खुद्द वेलिंग्टनला या उद्योगात रस नव्हता. लढाईचा इतिहास लिहिणं म्हणजे एखाद्या नाचाच्या समारंभाचा इतिहास लिहिण्यासारखं आहे, अशा अर्थाचं त्याने १८१५ सालीच एका पत्रात लिहून ठेवलं होतं.

त्यात १८३३ मध्ये सरकारने पैसे बंद केले. सायबोर्न थांबला नाही. स्वतःचे पैसे घातले, कर्ज काढलं. एकूण खर्च गेला तीन हजार पौंडांच्या घरात. १८३८ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतल्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती मांडली गेली. तिकीट एक शिलिंग. लाखभर लोकांनी पाहिली म्हणतात. तरी सायबोर्न कर्जातून वर आला नाही.

पण त्याला खरा मार बसला तो प्रशियन सैनिकांपायी.

वॉटर्लूला वेलिंग्टनच्या मदतीला ब्ल्यूखरची प्रशियन फौज आली हे सगळ्यांना माहीत होतं. वेलिंग्टनने स्वतः १९ जून १८१५ च्या खलित्यात ते मोकळेपणाने लिहिलंय. प्रश्न एवढाच की संध्याकाळी सातला ते कुठवर पोचले होते? सायबोर्नने प्रशियाच्या लष्कराकडूनही माहिती मागवली आणि जी हाती आली तीवरून हजारो प्रशियन मांडले, प्लांसन्वा गावाशी घुसलेले, नेपोलियनच्या उजव्या बगलेवर चालून आलेले. आता प्रेक्षक चारशे चौरस फुटांभोवती फिरणार आणि त्याला एका नजरेत दिसणार की ही लढाई दोन फौजांनी मिळून जिंकली. खलित्यातली चार वाक्यं वेगळी आणि डोळ्यांसमोर मांडलेले हजारो सैनिक वेगळे. वेलिंग्टनच्या भोवतालच्या मंडळींना हे खटकलं. पत्रापत्री झाली. आणि शेवटी सायबोर्नने त्यातले हजारो प्रशियन काढून टाकले.

दडपणाखाली काढले की नवा पुरावा पटला म्हणून, यावर इतिहासकार अजून भांडताहेत. एक बाजू म्हणते, कर्जात बुडालेल्या, सरकारी नोकरीतल्या माणसाला वाकवलं. दुसरी म्हणते, त्याच्या पहिल्या मांडणीत प्रशियन खरंच फार पुढे आले होते. मला वाटतं दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. कर्जात असताना पुरावा लवकर पटतो. त्या दिवशी प्रशियाची सुमारे सात हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, यावर मात्र कुणाचा वाद नाही.

पुढे १८४४ मध्ये त्याने दोन खंडांत या मोहिमेचा इतिहास प्रसिद्ध केला आणि दुसरी, छोट्या भागाची प्रतिकृतीही केली. ती आता लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे आहे. तिच्यात दुपारचा घोडदळाचा हल्ला दाखवलाय. त्या वेळी प्रशियन लढाईत उतरलेच नव्हते. शहाणा झाला होता बिचारा.

१८४९ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. शेवटी तो चेल्सीमध्येच, सैनिकांच्या मुलांच्या रॉयल मिलिटरी असायलम या संस्थेत नोकरीला होता. त्या इमारतीत २००८ पासून साची गॅलरी आहे. म्युझियमपासून पायी जाता येतं. आम्ही गेलो. भाचा कंटाळला होता, पण आइस्क्रीमच्या बोलीवर आला. वाटेत त्याने विचारलं, "मामा, मग ते काढलेले सैनिक गेले कुठे?" मला सांगता आलं नाही.

तर, आता कबुली. आमच्या गॅलरीत २०२० च्या लॉकडाऊनपासून सहा बाय चार फुटांचा प्लायवुड पडून आहे त्याचं कारण हे. (आई, हेच ते कारण. भिंतीला ओल लागणार नाही, खाली विटा ठेवल्यात.) त्यावर मी असईची लढाई मांडतोय. काळ नेपोलियनचाच आणि समोरचा सेनापतीही तोच. वेलिंग्टन व्हायच्या आधीचा, चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. उत्तर आयुष्यात त्याला सर्वांत चांगली कामगिरी कुठली असं विचारलं तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाही, असईचं नाव घेतलं असं सांगतात. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य होता पोलमन, मूळचा हॅनोव्हरचा. आणि बारा वर्षांनी ला हे सँतची वाडी वेलिंग्टनसाठी लढवली तीही हॅनोव्हरकडच्याच माणसांनी! असो.

नद्या झाल्या. त्यासाठी प्लॅस्टर आणि वर दोन हात वॉर्निश. पिंपळगाव आणि वरूड, नदीच्या दोन काठांवर समोरासमोरची गावं, तीही झाली. ती पाहूनच वेलस्लीने ताडलं की मधे उतार असणार. इंग्रजांची बाजू मांडून झाली. चौऱ्याहत्तरावी पलटण गावाकडे भरकटून कशी कापली गेली, अठ्ठ्याहत्तरावी कुठे होती, सगळं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांचे १५८४ मेले, जखमी झाले किंवा हरवले. शेवटच्या माणसापर्यंत मोजलेले.

अडलंय ते गोलंदाजांवर. इंग्रज तोफांवरून पुढे निघून गेले तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे काही गोलंदाज उठले आणि तोफा फिरवून त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर मारा केला. हे आपल्याला कळतं तेही इंग्रजांच्याच लिखाणातून. मला त्यांना छापील पत्र पाठवता येत नाही. किती जण उठले? कुठल्या तोफेपाशी? शेतात पीक कुठलं होतं? भाद्रपद-आश्विनाचे दिवस, म्हणून मी अंदाजाने ज्वारी-बाजरी धरलीय, पण तो अंदाजच.

एकास बहात्तर मापाचे गोलंदाज बाजारात मिळतात ते सगळे गोऱ्यांचे. त्यातल्या चोवीसांच्या टोप्या कापून मी एपॉक्सी पुट्टीची पागोटी बसवली. त्यातले अर्धे तोफांजवळ पडलेले मांडायचे की अर्धवट उठलेले, हे तीन वर्षं ठरत नाहीये. मागच्या दिवाळीत दादा आला होता. त्याने प्लायवुडभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग डबा उचलला आणि म्हणाला, "आण इकडे, मी मांडतो."

मी डबा काढून घेतला. सध्या तो कपाटात, वरच्या फळीवर आहे.